मनासमोर कोण उभं आहे?

राजकोटच्या घरात एका शाळकरी मुलाच्या हाती वडिलांनी आणलेलं एक पुस्तक पडलं. ते होतं श्रवणाच्या पितृभक्तीवरचं नाटक. त्याच सुमारास गावोगाव फिरून चित्रं दाखवणारे लोक तिथे आले. आंधळ्या आईवडिलांना कावडीत बसवून यात्रेला नेणारा श्रवण त्यांच्या चित्रांत होता. पुढे एका नाटक मंडळीचा हरिश्चंद्राचा खेळ बघायची परवानगी घरून मिळाली आणि त्या खेळाने मुलाला झपाटून टाकलं. खेळ पुन्हा पुन्हा बघायला मिळणं शक्य नव्हतं. मग तो मनातल्या मनातच असंख्य वेळा तो खेळ करायचा, स्वतः हरिश्चंद्र व्हायचा, रडायचा. मोहनदास गांधींनी हे सारं आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. हरिश्चंद्र ही ऐतिहासिक व्यक्ती नसेलही, हे मोठेपणी बुद्धीला पटलं, तरी आपल्यासाठी तो आणि श्रवण जिवंतच राहिले, असंही ते सांगतात.

खरं बोलावं, हा नियम त्या मुलाने इतर सगळ्या मुलांप्रमाणे ऐकलेला असणारच. पण मनात रुजली ती एका माणसाची गोष्ट, आणि तीही डोळ्यांसमोर घडताना पाहिलेली, पाहिल्यावर मनात पुन्हा पुन्हा घडवलेली. नियम आणि चित्र यांतला हा फरक या प्रकरणाचा विषय आहे. बरोबर काय, चूक काय हे ठरवताना, आणि मोहाच्या क्षणी खरं बोलायचं की खोटं हे ठरवताना, आपल्या मनासमोर नेमकं कोण उभं असतं? आणि तिथे दुसरं कोणी उभं राहिलं, तर आपला निर्णय बदलतो का?

प्रश्न जुना आहे. दुसऱ्याचं दुःख आपल्याला थेट जाणवत नाही, कल्पनेने आपण त्याच्या जागी जातो तेव्हाच ते आपल्यापर्यंत पोहोचतं, अशी मांडणी ॲडम स्मिथ यांनी १७५९ साली केली होती. त्यांचे मित्र डेव्हिड ह्यूम यांच्या मते तर नीतीचं मूळ तर्कात नसून भावनेत होतं. गेल्या पंचवीस वर्षांत या जुन्या तर्काची प्रयोगशाळेत परीक्षा घेता येऊ लागली.

पुलावरचा माणूस

ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये एक पेच मांडला. अमेरिकेच्या ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी पुढे त्यात भर घातली. सुटलेली ट्रॉली रुळांवरून धावत येते आहे आणि पुढे पाच कामगार आहेत. खटका ओढला तर ती दुसऱ्या रुळावर जाईल, पण तिथे एक माणूस आहे. खटका ओढावा का? बहुतेक लोक ‘हो’ म्हणतात. आता तोच प्रसंग दुसऱ्या रूपात बघा. तुम्ही रुळांवरच्या पुलावर उभे आहात. शेजारी एक धिप्पाड माणूस आहे. त्याला खाली ढकललं तर ट्रॉली अडेल आणि पाच जण वाचतील. ढकलाल? इथे बहुतेक लोक ‘नाही’ म्हणतात. हिशोब दोन्हीकडे एकच आहे, एकाच्या मोबदल्यात पाच. मग उत्तर का बदलतं?

जोशुआ ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे पेच सोडवणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. स्वतःच्या हातांनी इजा करण्याचे प्रसंग वाचताना मेंदूतले भावनांशी निगडित भाग जास्त सक्रिय झालेले दिसले. पण ही भावना जागी कशाने होते? त्याचा शोध एलिनॉर अमित आणि ग्रीन यांनी २०१२ मध्ये घेतला. काही लोक विचार करताना मुख्यतः चित्रं बघतात, काही शब्दांत विचार करतात. चित्रं बघणारे त्या एका माणसाच्या बाजूने जास्त उभे राहिले. मग संशोधकांनी लोकांना पेच सोडवता सोडवता आकृत्या लक्षात ठेवायचं काम दिलं. डोळ्यांसमोर चित्र आणायची शक्ती अशी दुसरीकडे गुंतली, तेव्हा लोकांची ‘ढकलू नये’ ही भूमिका सैल झाली. शब्द लक्षात ठेवायचं काम दिलं, तेव्हा तसं झालं नाही.

या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो. लोकांच्या मनासमोर चित्र उभं राहत होतं ते मुख्यतः ढकलल्या जाणाऱ्या माणसाचं. वाचणारे पाच जण तितके स्पष्ट दिसतच नव्हते. म्हणजे हिशोबात पाच जण असले, तरी चित्रात एकच माणूस होता, आणि निर्णय चित्राने दिला.

चित्र शरीरापर्यंत किती खोल जातं, हे फायरी कुशमन आणि सहकाऱ्यांच्या त्याच वर्षीच्या प्रयोगातून कळतं. त्यांनी लोकांना खोट्या पायावर हातोडा मारायला लावला, खोट्या पिस्तुलाचा चाप ओढायला लावला. कुणालाही इजा होणार नाही हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांच्या रक्तवाहिन्या ताणाखाली आकसतात तशा आकसल्या. दुसऱ्याने तेच करताना नुसतं बघणाऱ्यांच्या शरीरात एवढा फरक पडला नाही. आपल्या हातून घडणाऱ्या हिंसेचं रूपच शरीराला नको असतं, मग तिचा परिणाम शून्य का असेना.

चित्र, शरीर आणि निकाल

चित्र आणि भावना यांतला हा दुवा तुटला तर काय होतं? कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या, मधल्या भागाला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अँटोनियो दमासिओ हे त्यातले एक संशोधक. या रुग्णांची बुद्धी शाबूत होती, नियम त्यांना ठाऊक होते, पण दुसऱ्याच्या दुःखाने हलणं आणि अपराधी वाटणं फार क्षीण झालेलं होतं. पुलावरच्या माणसाला ढकलण्यासारखे पर्याय त्यांनी निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा स्वीकारले. बाकीचे साधे प्रश्न त्यांनी इतरांसारखेच सोडवले. फरक पडला तो हिशोब आणि कळवळा यांची झुंज होती तिथे.

दुसरा पुरावा येतो तो मनात चित्रच न उमटणाऱ्या माणसांकडून. डोळे मिटून आईचा चेहरा आठवा म्हटलं, तर काहींना काहीच दिसत नाही. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या अवस्थेला ‘अफँटेझिया’ हे नाव दिलं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा लोकांना भीतिदायक प्रसंग वाचायला दिले. वाचताना इतरांच्या त्वचेची विद्युतवाहकता वाढत जाते, कारण भीतीने सूक्ष्म घाम येतो. यांच्यात ती जवळजवळ जागची हललीच नाही. पण भीतिदायक चित्रं प्रत्यक्ष दाखवली, तेव्हा त्यांचीही प्रतिक्रिया इतरांसारखीच आली. म्हणजे त्यांची भावना कोरडी नव्हती. शब्दांकडून भावनेकडे जाणारी चित्रांची वाट त्यांच्याकडे नव्हती, एवढंच. अशी माणसं कमी नीतिमान असतात, असा अर्थ यातून मुळीच निघत नाही. चांगुलपणाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. पण बहुतेकांच्या बाबतीत शब्दातून चित्र, चित्रातून शरीरातली हालचाल आणि तिच्यातून निकाल असा क्रम लागतो, हे यावरून दिसतं.

दूरचा माणूस, दूरची भाषा

चित्र पुसट करणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंतर. स्टॅनली मिलग्राम यांचे येल विद्यापीठातले, १९६१ पासूनचे प्रयोग आज्ञाधारकपणाचे प्रयोग म्हणून प्रसिद्ध आहेत. चुकलेल्या ‘विद्यार्थ्याला’ विजेचा झटका द्यायचा, झटका वाढवत न्यायचा, अशी सूचना असायची. विद्यार्थी खरं तर नट होता आणि झटका खोटा. विद्यार्थी दुसऱ्या खोलीत, दिसत नाही आणि त्याचं बोलणं ऐकू येत नाही, अशा स्थितीत ६५ टक्के लोक शेवटच्या ४५० व्होल्टच्या खटक्यापर्यंत गेले. तो त्याच खोलीत समोर आला तेव्हा ४० टक्के. त्याचा हात धरून धातूच्या पट्टीवर दाबायचा होता तेव्हा ३० टक्के. आज्ञा तीच, आज्ञा देणाराही तसाच. बदललं ते इतकंच, की दुखावला जाणारा माणूस किती जवळ आहे.

भाषाही असं अंतर निर्माण करते. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पुलावरचा पेच लोकांना मातृभाषेत आणि नंतर शिकलेल्या भाषेत दिला. मातृभाषेत ढकलायला तयार झाले २० टक्के, परक्या भाषेत ३३ टक्के. खटक्याच्या पेचात मात्र भाषेने फरक पडला नाही. सायुरी हायाकावा आणि बोआझ कायसार यांनी २०१८ मध्ये त्यामागचं एक कारण पुढे आणलं. परक्या भाषेत मनातली चित्रंच फिकी पडतात. जी भाषा आपण अंगणात, स्वयंपाकघरात, भांडणात आणि आजारपणात शिकलो, तिच्या शब्दांना वास, स्पर्श आणि चेहरे चिकटलेले असतात. वर्गात शिकलेल्या भाषेच्या शब्दांना बहुतेकदा फक्त अर्थ असतो.

मराठी माणसाने हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. आपल्यातल्या अनेकांची घरची भाषा मराठी असते, पण करारनामे, विम्याचे अर्ज, कामगारकपातीच्या याद्या आणि प्रकल्पांचे अहवाल इंग्रजीत असतात. दूरची भाषा नेहमी वाईटच असते असं नाही. थंड डोक्याने हिशोब करायचा असेल तेव्हा तिचा उपयोगही होतो. पण सहीच्या आधी एकदा तो इंग्रजी मजकूर आपल्या माणसाला सांगावा तसा मराठीत स्वतःला सांगून बघावा. ज्याचं भलं किंवा वाईट होणार आहे तो दिसू लागतो, आणि त्याच्याकडे बघून केलेली सही वेगळी असते.

जे घडलं असतं, त्याचं चित्र

आतापर्यंत चित्र आपल्याला सावरताना दिसलं. सचोटीच्या बाबतीत मात्र तेच चित्र घसरगुंडीही होऊ शकतं.

झुरिचमध्ये उर्स फिशबाखर आणि फ्रांझिस्का फ्योल्मी-ह्यूसी यांनी विद्यार्थ्यांना एकांतात फासा टाकायला सांगितला. जो आकडा येईल तितके फ्रँक मिळायचे, सहा आला तर शून्य. आकडा कोणी तपासणार नव्हतं. एकेकाचं खोटं पकडता येत नाही, पण शेकडो आकडे एकत्र केले की योगायोगापासूनचं विचलन मोजता येतं. अंदाज निघाला तो असा : सुमारे ३९ टक्के पूर्ण प्रामाणिक, सुमारे २० टक्के पुरेपूर खोटं बोलणारे. उरलेल्यांतले काही अर्धवट खोटं बोलले. पाच सांगता येत असताना त्यांनी चार सांगितले. पैसे हवेत आणि ‘मी काही लबाड नाही’ हे समाधानही हवं, अशी ती तडजोड होती.

ही तडजोड मन कशी घडवतं? शौल शाल्वी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक छोटा बदल केला. फासा तीनदा टाकायचा, पण सांगायचा तो पहिलाच आकडा. पुढच्या दोन वेळा फक्त फासा नीट आहे ना हे बघण्यासाठी. लोकांनी सांगितलेल्या आकड्यांचा नमुना मात्र तीनपैकी सर्वांत मोठा आकडा सांगितल्यासारखा निघाला. दुसऱ्या वेळी मोठा आकडा आलेला डोळ्यांनी पाहिला होता. ‘तो पहिल्यांदा आला असता तर’ हे चित्र तयारच होतं, आणि त्याच्या आधाराने सांगितलेलं खोटं खोटं वाटत नव्हतं. डॅनियल एफ्रॉन यांनी हेच सार्वजनिक खोट्याबद्दल दाखवलं. एखादं विधान असत्य आहे हे माहीत असतानाही, वेगळ्या परिस्थितीत ते कसं खरं ठरलं असतं याची कल्पना करायला लावली, तर लोक ते बोलणाऱ्याला कमी दोष देतात, विशेषतः तो त्यांच्या पक्षाचा असेल तर.

आपल्या रोजच्या व्यवहारातलं बरंचसं खोटं याच जातीचं आहे. टॅक्सीने गेलोच असतो म्हणून लावलेलं टॅक्सीचं बिल. अभ्यास केलाच असता म्हणून उतरवून काढलेलं उत्तर. कुणीही पोकळीतून खोटं उभं करत नाही. घडू शकलं असतं असं काहीतरी आपण आधी मनात बघतो आणि त्याची नोंद घडलेल्याच्या खात्यात करतो. म्हणून ‘जवळजवळ खरं’ असं मन म्हणू लागलं, की तिथेच थांबून बघावं.

आणि एकदा घसरलं की टोचणी बोथट होते. लंडनमध्ये टाली शारोट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचा मागोवा घेतला. बरणीत किती नाणी आहेत याचा अंदाज जोडीदाराला सांगायचा, आणि खोटा सांगितला तर स्वतःचा फायदा, अशी रचना होती. लोकांचं खोटं हळूहळू वाढत गेलं. सोबत मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया कमी होत गेली. ती जितकी जास्त घटली, तितकं पुढचं खोटं मोठं. पहिलं खोटं खुपतं, आणि ते खुपणंच आपलं राखण करत असतं. दहाव्या खोट्याच्या वेळी ती राखण दमलेली असते.

हरवलेली पाकिटं

माणसाविषयी निराश होण्याआधी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक विशाल प्रयोग लक्षात घ्यायला हवा. अलँ कोन आणि सहकाऱ्यांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली. भारतही त्यात होता. पाकीट पारदर्शक. आत मालकाचं नाव आणि ईमेल, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काहींत पैसे होते, काहींत नव्हते. कर्मचारी मालकाला कळवतो का, एवढंच बघायचं होतं.

सामान्य लोकांना वाटलं, पैसे असले की पाकीट परत येण्याचं प्रमाण घटेल; खरा निकाल तज्ज्ञांनाही ओळखता आला नाही. झालं उलटंच. पैसे नसलेल्या पाकिटांबाबत सुमारे ४० टक्क्यांनी मालकाला कळवलं, पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्क्यांनी. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंड इथे पाकिटातली रक्कम सातपट केली, तर प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. शिवाय पैशांच्या पाकिटात किल्ली असली की कळवण्याचं प्रमाण आणखी वाढायचं. किल्ली सापडणाऱ्याच्या काहीच कामाची नसते. ती आठवण करून देते दाराबाहेर अडकलेल्या माणसाची. संशोधकांच्या मते इथे दोन गोष्टी काम करत होत्या : मालकाबद्दलची आस्था, आणि स्वतःला चोर म्हणून बघायची नकोशी भावना. रक्कम जितकी मोठी, तितकं स्वतःचं ते रूप जास्त कुरूप.

म्हणजे मोहाच्या क्षणी मनासमोर दोन माणसं उभी राहू शकतात, ज्याचं नुकसान होणार तो आणि हे करून बसलेले आपण. दोघांपैकी एक जरी स्पष्ट दिसला, तरी हात आखडतो. दोघेही दिसेनासे होतात तिथे लबाडी सोपी होते. सरकारचे पैसे, कंपनीचे पैसे, विम्याचे पैसे अशी चेहरा नसलेली रक्कम म्हणूनच इतक्या सहज उचलली जाते.

चौकटीबाहेर राहिलेले

पण चित्रावर सगळा भार टाकणं धोक्याचं आहे. चित्राला चौकट असते, आणि चौकटीबाहेर कोणीतरी राहतंच.

अमेरिकेतल्या एका अभ्यासात लोकांना मदतीचं आवाहन केलं गेलं. एका गटाला मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीचं छायाचित्र आणि तिची गोष्ट दिली. दुसऱ्याला लाखो उपाशी माणसांचे आकडे. पहिल्या गटाने सरासरी २.३८ डॉलर दिले, दुसऱ्याने १.१४. मुलगी आणि आकडे दोन्ही एकत्र दाखवले, तर दान १.४३ वर उतरलं. आकड्यांनी चित्र पातळ केलं होतं. या अभ्यासातले एक संशोधक पॉल स्लोविक. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या आलान कुर्दी या लहानग्याचं छायाचित्र जगाने पाहिलं, तेव्हाचीही नोंद त्यांच्या गटाने घेतली. सीरियाचं युद्ध तेव्हा चार वर्षं चालू होतं, लाखो मेले होते. स्वीडनच्या रेडक्रॉसकडे सीरियातल्या निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या एका छायाचित्रानंतर शंभरपटीहून जास्त झाली. काही आठवड्यांत ती पुन्हा खाली आली.

डॅनियल बॅटसन यांचा १९९५ मधला प्रयोग याहून अस्वस्थ करतो. दुर्धर आजाराच्या एका काल्पनिक मुलीची मुलाखत लोकांना ऐकवली. तिला काय वाटत असेल याची कल्पना करत ऐकणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक तिला उपचाराच्या रांगेत पुढे न्यायला तयार झाले, जास्त गरजू मुलांना ओलांडून. अलिप्तपणे ऐकणाऱ्यांत हे प्रमाण एक तृतीयांश होतं. रांगेतली बाकीची मुलंही आजारीच होती. ती फक्त दिसत नव्हती.

गोष्टीची भुरळ संशोधकांनाही पडते. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक खरी माहिती भरतात, असा निष्कर्ष २०१२ मध्ये गाजला. डोळ्यांसमोर सहज येणारा, सांगायला सोपा. पुढे तो परिणाम पुन्हा मिळेना, आणि त्यातल्या मोटारविम्याची आकडेवारी बनावट असल्याचं उघड झालं. २०२१ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा अभ्यासच असा निघावा, ही वेदनादायक गोष्ट आहे. म्हणून चित्र कितीही देखणं असलं, तरी आकडे तपासायचं काम कुणाला तरी करावंच लागतं.

चित्र रुंदावण्याची सवय

मग करायचं काय? भावनेला हाकलून नुसत्या हिशोबावर जगावं, तर मेंदूला इजा झालेल्या त्या सहा जणांची उदाहरणं समोर आहेत. नुसत्या चित्रावर जगावं, तर रांगेतली न दिसणारी मुलं राहून जातात. मला पटतो तो तिसरा मार्ग : मनासमोर कोणाला उभं करायचं, हे जाणीवपूर्वक निवडणं.

ऑगस्ट १९४७ मधल्या एका टिपणात गांधींनी अशीच एक कसोटी सांगितली. संभ्रम पडला, तर आपण पाहिलेल्या सर्वांत गरीब, सर्वांत दुबळ्या माणसाचा चेहरा आठवावा आणि आपल्या पावलाने त्याचं काही भलं होईल का, हे स्वतःला विचारावं. यात ‘गरिबी’ आठवा असं म्हटलेलं नाही, एक चेहरा आठवा असं म्हटलं आहे. आणि तो आपोआप येणारा, जवळचा, आवडता चेहराही नाही. जो सहसा चौकटीत येत नाही, तोच मुद्दाम आणायचा आहे.

अशी कल्पना नुसती हळवेपणाची नसते, ती कृतीकडे नेते, असा पुरावा आहे. ब्रेंडन गेसर आणि डॅनियल शॅक्टर यांनी २०१४ मध्ये लोकांना अडचणीतल्या माणसाचे प्रसंग दिले. त्याला आपण मदत करतो आहोत हे दृश्य ठिकाणासकट, तपशिलासकट मनात उभं करायला सांगितलं, तेव्हा मदतीची तयारी वाढली. दृश्य जितकं स्पष्ट, तितकी तयारी जास्त.

म्हणून मोठा निर्णय घेण्याआधी मी तीन प्रश्न सुचवेन. या चित्रात कोण दिसतं आहे? ज्याच्यावर परिणाम होणार पण जो दिसत नाही, असा कोण आहे? आणि तोही तितकाच स्पष्ट दिसला असता, तर मी हेच केलं असतं का? पहिला प्रश्न भावनेची दखल घेतो, दुसरा हिशोबाची, तिसरा दोघांना एका पातळीवर आणतो. खोटं बोलण्याच्या क्षणी चौथा प्रश्न हवा : मी घडलेलं सांगतो आहे, की घडलं असतं तर बरं झालं असतं ते?

सचोटी जन्मतः मिळते किंवा मिळत नाही, असं समजून आपण तिच्या मशागतीची जबाबदारी टाळतो. शाळेत मुलाला ‘खोटं बोलू नये’ हे शंभरदा लिहायला लावण्यापेक्षा, त्याच्या खोट्यामुळे ज्याला शिक्षा झाली त्या मित्राचा तो दिवस सकाळपासून सांगायला लावावा. कचेरीत प्रकल्पाच्या अहवालासोबत बाधित गावाला एक भेट सक्तीची असावी, आणि भेटीनंतर त्या गावासोबत न पाहिलेल्या दहा गावांचे आकडेही टेबलावर असावेत. घरात पैशांचं बोलणं मुलांसमोर व्हावं, भरलेल्या करासकट आणि परत केलेल्या जास्तीच्या सुट्ट्या पैशांसकट. या गोष्टींना खर्च येत नाही, वेळ लागतो. तो वेळ आपण द्यायला हवा, कारण मोहाच्या क्षणी नवं चित्र रंगवायला मनाला सवड नसते. तेव्हा उपयोगी पडतात ती आधीपासून जपलेली, पुन्हा पुन्हा पाहिलेली चित्रंच.